कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही आणि ज्यांना फॉर्मचे नंबर पुन्हा शोधावे लागतात, त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय निवडणुकीचा आहे, पण राजकारणाचा नाही. कोण येणार, कोण पडणार, हे पारावर बसलेली मंडळी माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. मी बोलणार आहे ते त्याच्या आधीच्या गोष्टीवर. मतदानाच्या दिवशी तुम्ही केंद्रावर गेलात आणि तिथल्या यादीत तुमचं नावच नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी संपलं. म्हणून ही यादी कोण करतं, नाव कसं जातं, ते परत कसं येतं आणि केंद्रावर कोणी अडवलं तर काय म्हणायचं, एवढं आज पाहू. हा भाग थोडा कामाचा आहे, तेव्हा जमलं तर कागद-पेन घेऊन बसा.

आधी पत्ता नीट समजून घेऊ

आपल्या गावाची गंमत अशी की महाराष्ट्रात ‘शिरपूर’ म्हटलं की लोकांना धुळे जिल्हा आठवतो आणि ‘मालेगाव’ म्हटलं की नाशिक जिल्हा. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे आपण ‘शिरपूर जैन’. आपला तालुका मालेगाव, जिल्हा वाशीम. पण निवडणुकीच्या नकाशात धुळ्याकडे ‘शिरपूर’ नावाचा वेगळा विधानसभा मतदारसंघ आहे, आणि नाशिककडे ‘मालेगाव मध्य’ आणि ‘मालेगाव बाह्य’ असे दोन आहेत. मोबाइलवर फॉर्म भरणारी पोरं घाईत यादीतून यातलंच एखादं नाव निवडतात, आणि मग अर्ज भलत्याच जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडे जातो.

आपला विधानसभा मतदारसंघ आहे रिसोड, क्रमांक ३३. आता आणखी एक गोम. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, पण लोकसभेसाठी रिसोड आजही अकोला मतदारसंघात आहे. वाशीम आणि कारंजा हे आपल्याच जिल्ह्यातले मतदारसंघ मात्र यवतमाळ-वाशीममध्ये मोडतात. म्हणजे जिल्हा वाशीम आणि खासदार अकोल्याचा. तर फॉर्म भरताना जिल्हा वाशीम, विधानसभा रिसोड, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

कार्ड म्हणजे यादी नव्हे

“मायं कार्ड तं हाय ना, मंग नाव काऊन नाही?” हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतो. उत्तर कडू आहे, पण स्पष्ट आहे. मतदार ओळखपत्र हा तुम्ही कोण आहात याचा पुरावा आहे. तुम्ही मत देऊ शकता का, ते यादी ठरवते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ६२ प्रमाणे ज्याचं नाव यादीत नाही, त्याला मत देता येत नाही. कार्ड चकचकीत असो, वीस वर्षं जुनं असो, त्याने फरक पडत नाही.

याची उलट बाजू बऱ्याच जणांना माहीत नसते. यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलं, तरी मत देता येतं. २०२४ च्या निवडणुकांत आयोगाने कार्डाऐवजी बारा कागद चालवून घेतले. त्यात आधार, मनरेगाचं जॉब कार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, वाहन परवाना, पॅन, पासपोर्ट, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं आणि दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड हे सगळं येतं. शेतमजूर बाईकडे दुसरं काही नसलं तरी जॉब कार्ड असतं, ते चालतं. मात्र घरी येणारी मतदार चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा नाही. २०१९ पासून ती फक्त माहितीसाठी आहे. नुसती चिठ्ठी घेऊन गेलात तर परत फिरावं लागेल.

एक यादी, दोन आयोग

आता जरा डोकं लावून ऐका, कारण निम्मे गैरसमज इथे आहेत.

लोकसभा आणि विधानसभेची निवडणूक घेतो भारत निवडणूक आयोग, राज्यघटनेच्या कलम ३२४ खाली. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद या निवडणुका घेतो राज्य निवडणूक आयोग. तो वेगळा आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९४ मध्ये आपल्या राज्यात तो सुरू झाला.

आयोग दोन असले तरी मूळ यादी एकच, विधानसभेची. राज्य आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागवार किंवा गट-गणांप्रमाणे फोडतो. २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. म्हणजे त्या दिवशी जो विधानसभेच्या यादीत नव्हता, तो स्थानिक यादीतही नव्हता.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ग्रामपंचायतीची प्रारूप यादी लागली आणि त्यात तुमचं नाव शेजारच्या प्रभागात गेलेलं दिसलं, किंवा विधानसभेच्या यादीत असूनही इथे गळालेलं दिसलं, तर हरकत घ्या, ती दुरुस्त होते. पण मुळात विधानसभेच्या यादीतच नाव नसेल, तर त्या वेळी तहसीलला कितीही चकरा मारा, स्थानिक यादीत नवं नाव घालायचा अधिकार तिथे कोणाला नसतो. गावात निवडणुकीचं वारं सुरू झाल्यावर आपल्याला यादी आठवते, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

विधानसभेचंही तसंच. कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव चढत नाही. २०२४ ची विधानसभा घ्या. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. गाड्या फिरू लागल्या, भोंगे वाजू लागले, तेव्हा यादीचं दार बंद झालेलं होतं. आणि अर्जाची तपासणी करायला अधिकाऱ्याला दिवस लागतात, म्हणून अर्ज त्याच्याही किमान दहा दिवस आधी गेलेला बरा.

नाव गळतं कोणाचं?

सगळ्यांचं सारखं गळत नाही. माझ्या पाहण्यात तीन प्रकारची माणसं जास्त सापडतात.

पहिली, लग्न होऊन आलेली सून. तिचं नाव माहेरच्या यादीत असतं. तिकडचा बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, चौकशीला येतो. ‘पोरीचं लग्न झालं, ती गेली’ असं घरचे सांगतात आणि तिकडचं नाव निघतं. इकडे सासरी मात्र रेशन कार्ड आणि आधारची घाई असते, यादीची कोणालाच नसते. मग दोन-तीन वर्षं ती बाई कुठल्याच यादीत नसते. लग्नानंतरचं नाव आणि आडनाव कागदोकागदी वेगळं असलं, तर अजून एक गाठ बसते.

बायकांच्या नावाचा हा घोळ आजचा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी तयार होत होती, तेव्हा उत्तरेकडच्या काही राज्यांत बायकांनी स्वतःचं नाव सांगायला नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशाच नोंदी झाल्या. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीबाहेर गेली. निर्णय कठोर होता. पण बाई मतदार म्हणून उभी राहील ती स्वतःच्या नावाने, हे तिथे ठरलं.

दुसरा, कामासाठी बाहेर जाणारा. वाशीम जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला, राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. सोयाबीन निघालं, तुरी झाल्या की हाताला काम राहत नाही, म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं पुणे, मुंबई, सुरत गाठतात. बीएलओ आला तेव्हा दाराला कुलूप असतं. नोंद होते ‘स्थलांतरित’. आता कायदा काय म्हणतो ते ऐका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० चं कलम २० सांगतं की माणूस तात्पुरता बाहेर गेला, म्हणून तो तिथला सर्वसाधारण रहिवासी राहत नाही असं होत नाही. म्हणजे सहा महिने कामाला गेलेल्याचं नाव नुसत्या कुलपावरून काढता येत नाही. पण तेच कलम हेही सांगतं की गावात घर मालकीचं आहे, एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. जो पंधरा वर्षं पुण्यात राहतो, पोरं तिथल्या शाळेत आहेत आणि जत्रेपुरता गावी येतो, त्याचं नाव खरं तर पुण्याच्या यादीत पाहिजे.

तिसरी गोष्ट उलटी आहे, मेलेल्या माणसाचं नाव राहण्याची. आपल्याकडे माणूस गेला की मृत्यूची नोंद बँकेसाठी आणि वारसासाठी करतात, यादीसाठी कोणी करत नाही. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद केली की ती विनाशुल्क होते. मृत्यू नोंदणीची माहिती थेट मतदार नोंदणी अधिकाऱ्यांपर्यंत पोचवायची व्यवस्था करत असल्याचं आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केलं. पण मुळात नोंदच झाली नाही, तर पोचणार काय? मेलेल्याचं नाव यादीत राहिलं की संशयाला जागा राहते, आणि त्या संशयाचा फटका पुढे जिवंत माणसालाही बसतो.

‘दुबार’चा गोंधळ

२०२५ मध्ये आपल्या राज्यात दुबार मतदार हा शब्द घरोघरी पोचला. १ नोव्हेंबर २०२५ ला याच मुद्द्यावर मुंबईत विरोधी पक्षांचा मोठा मोर्चा निघाला. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने सांगितलं की संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारांकित खुणा असतील, आणि असा माणूस केंद्रावर आला तर त्याच्याकडून ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही, देणार नाही’ असं लिहून घेतलं जाईल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. दोन ठिकाणी नाव असणं ही एक गोष्ट, आणि दोन ठिकाणी मत देणं ही दुसरी. पहिली गोष्ट बऱ्याचदा आळसाने होते. शहरात गेल्यावर माणूस ‘नवीन मतदार’ म्हणून अर्ज करतो, आणि जुनं नाव गावी तसंच राहतं. म्हणून तर पत्ता बदलासाठी वेगळा फॉर्म आहे. पण आळस असला तरी कायद्याला तो चालत नाही. कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, एकदाच असू शकतं. आणि अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली, तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘माझं दुसरीकडे नाव नाही’ अशी सही आपण त्या अर्जावर करतो, हे विसरू नका.

आणि दुसरी बाजूही सांगतो. आपल्या गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची आणि वडिलांचंही नाव तेच असलेली दोन माणसं सापडतात. नाव जुळलं म्हणून माणूस दुबार ठरत नाही. खूण म्हणजे फक्त संशय असतो. निर्णय चौकशीनंतरच व्हायला पाहिजे.

नाव काढायचं तर विचारून

हा नियम तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे. १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता तो मुंबई आणि दिल्लीतल्या काही वस्त्यांमधल्या मतदारांचा. त्यांना नोटिसा देऊन ‘तुम्ही नागरिक असल्याचं सिद्ध करा’ असं सांगितलं गेलं होतं. न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीपासून यादीत असलेल्या माणसाचं नाव काढायचं असेल, तर त्याला कारण सांगा, त्याचं म्हणणं ऐका, पुरावा बघा आणि मगच ठरवा.

तीस वर्षांनी हाच प्रश्न बिहारमध्ये मोठ्या आकारात आला. २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर १ ऑगस्टला जी प्रारूप यादी लागली, तिच्यात सुमारे ६५ लाख नावं नव्हती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की या वगळलेल्या नावांची यादी कारणासकट प्रसिद्ध करा. पुनरीक्षण बरोबर की चूक, यावर मतं वेगळी असतील, असू द्या. पण तत्त्व सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. नुसती शिल्लक राहिलेल्यांची यादी लावून भागत नाही. वगळलेल्यांची यादीही लावा, प्रत्येक नावापुढे कारण लिहा आणि ती लोकांना दिसेल अशा जागी लावा. असं केलं तर शेजारीच सांगतो, “हा तं काल दुकानावर दिसला, याले मेलेला कोणं लिवलं?”

मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर अपील करता येतं. पहिलं अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, १५ दिवसांच्या आत. तिथेही पटलं नाही तर दुसरं राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणालाही आठवत नाही.

फॉर्म कोणता?

तीनच आकडे लक्षात ठेवा.

फॉर्म ६ नवीन नावासाठी. १८ वर्षं पूर्ण होण्याची तारीख पूर्वी वर्षातून एकदाच, १ जानेवारीला धरत असत. आता वर्षातून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. आणि १७ वर्षं पूर्ण झालेल्या पोराला किंवा पोरीला आधीच अर्ज करून ठेवता येतो.

फॉर्म ७ नावावर हरकत घेण्यासाठी किंवा नाव काढण्यासाठी. घरातलं माणूस गेलं असेल तर हाच.

फॉर्म ८ पत्ता बदल, नाव-वय-फोटोची दुरुस्ती, नवीन कार्ड आणि दिव्यांग असल्याची नोंद, या सगळ्यासाठी. सासरी आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या यादीत अजून असेल, तर तिने फॉर्म ६ नाही, ८ भरायचा. म्हणजे तिकडचं नाव निघून इकडे येतं, दुबारचा प्रश्नच येत नाही. तिकडचं नाव आधीच निघालं असेल, तरच ६.

हे सगळं आयोगाच्या पोर्टलवर आणि ॲपवर भरता येतं, बीएलओकडे कागदावरही देता येतं. काही अडलं तर १९५० हा मदतीचा नंबर आहे.

केंद्रापर्यंत पोचायचं कसं?

नाव आहे, पण पाय चालत नाहीत, असे कितीतरी म्हातारे-म्हाताऱ्या गावात आहेत. आयोगाचा दंडक आहे की मतदान केंद्र साधारण दोन किलोमीटरच्या आत असावं. एका केंद्रावर १५०० मतदारांपर्यंत मर्यादा होती, ती २०२५ मध्ये १२०० वर आणायचं ठरलं. रांग लहान झाली तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा उन्हात उभं राहू न शकणाऱ्याला होतो. २०२४ च्या लोकसभेचं अकोल्याचं मतदान २६ एप्रिलला होतं. वऱ्हाडातला एप्रिल काय असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेल्या मतदारांना घरूनच टपाली मत देता येतं. त्यासाठी १२-डी हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. पूर्वी वयाची अट ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ झाली. ही सोय लोकसभा-विधानसभेच्या नियमांतली आहे. ग्रामपंचायतीच्या वेळी ती मिळेलच असं धरून चालू नका.

ज्याला दिसत नाही किंवा ज्याच्या हाताने बटण दाबणं होत नाही, त्याला सोबत एक माणूस आत नेता येतो. तो १८ वर्षांवरचा पाहिजे, आणि एका दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. एकच कार्यकर्ता दहा आजीबाईंना आत नेतो, हे नियमात बसत नाही. असं दिसलं तर केंद्राध्यक्षांना सांगा. आणि यंत्रावर ब्रेलमध्ये आकडे असतात, तेव्हा न दिसणाऱ्याला एकट्याने मत द्यायचं असेल तर तो त्याचा हक्क आहे.

मजुरांसाठी एक गोष्ट. कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळाली पाहिजे, रोजंदारीवाल्यालाही. पण पुण्याहून शिरपूरला येऊन परत जायचं, म्हणजे दोन दिवस आणि गाडीभाडं. सुट्टी एका दिवसाची, खर्च दोघा-तिघांचा. इथे कायदा कमी पडतो. २०२४ ला साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता आणि मतदान २० नोव्हेंबरला. ऊसतोड कामगाराने फडात जायचं की केंद्रावर, हे तुम्हीच सांगा.

यावर उपाय शोधायचा प्रयत्न झालाय. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांपर्यंत मतं घेता येतील अशी कल्पना होती. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावलं. पक्षांच्या शंका होत्या, आणि त्या उडवून लावण्यासारख्या नव्हत्या. परगावच्या केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी कोण बसणार? स्थलांतरित कोणाला म्हणायचं? आचारसंहिता तिथे कशी पाळायची? २०२४ ला ते यंत्र वापरलं गेलं नाही. दुसरीकडे, काश्मिरी विस्थापितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं असतात, सैनिकांना टपाली मत असतं. म्हणजे आपल्या गावाबाहेरून मत देणं ही गोष्ट अशक्य नाही. रोजंदारीवर बाहेर गेलेल्या माणसापर्यंत ती अजून आलेली नाही, एवढंच.

केंद्रावर अडवलं तर

तुम्ही गेलात आणि तुमच्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेलंय असं कळलं, तर भांडून परत येऊ नका. केंद्राध्यक्षांना म्हणा, “मला प्रदत्त मत द्यायचं आहे.” ओळख पटली की ते तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. ती पाकिटात वेगळी ठेवतात. ती नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेलं तर तिचा उपयोग होतो. शिवाय तुमच्या जागी खोटं मत पडलं, याची अधिकृत नोंद राहते.

समोरचा प्रतिनिधी म्हणाला, ‘हा तो माणूसच नाही’, तर त्याला दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा लागतो आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. तुम्ही तुम्हीच आहात हे पटलं, की मत द्या. आणि मतदान संपायच्या वेळेला तुम्ही रांगेत असाल, तर तुम्हाला चिठ्ठी देतात आणि रात्र झाली तरी तुमचं मत घेतात. वेळ झाली म्हणून रांग मोडून घरी जाऊ नका.

एका मताने काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये पहिल्या दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. मुंबईसारख्या शहरात असं होतं, तर ग्रामपंचायतीच्या प्रभागात किती मतांवर पारडं फिरतं, ते तुम्ही पाहिलेलं आहेच.

आणि निवडणूकच झाली नाही तर?

मतदानाचा हक्क यादीतून जातो, तसा तो कॅलेंडरातूनही जातो. आपल्या वाशीम जिल्हा परिषदेचं बघा. ५२ सदस्य जानेवारी २०२० मध्ये निवडून आले. ४ मार्च २०२१ ला विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्याचा निकाल लागला. एकूण आरक्षण ५० टक्क्यांवर जात असल्याने वाशीमसह काही जिल्ह्यांतल्या ओबीसी जागांवरच्या निवडी रद्द झाल्या. ओबीसी आरक्षण ठेवायचं तर आधी आयोग नेमून माहिती गोळा करा, तिच्या आधारे प्रमाण ठरवा आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळा, ही तिहेरी अट तिथे पुढे आली. आपल्या जिल्ह्यात १४ जागांसाठी ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक झाली.

पुढे सगळ्या राज्यातच स्थानिक निवडणुका अडकल्या. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा. घटनेचं कलम २४३-इ सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि ते अख्खं वर्ष निवडून आलेल्या सदस्यांविना गेलं. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे गाडी हलली. बहुतेक नगर परिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं. आरक्षणाचा प्रश्न खरा आहे, त्याला उत्तर पाहिजेच. पण उत्तर मिळेपर्यंत रस्त्याचा खड्डा आणि शाळेचं गळकं छत कोणाला दाखवायचं, हे विचारायला गावाकडे माणूस नव्हता. प्रशासक कितीही चांगला असला तरी त्याला पाच वर्षांनी आपल्या दारात यावं लागत नाही.

गावाला काय करता येईल?

मोठे बदल दिल्ली-मुंबईत ठरतील. पण काही कामं आपल्या आवाक्यातली आहेत.

२५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो आणि दुसऱ्याच दिवशी, २६ जानेवारीला ग्रामसभा. त्या ग्रामसभेत प्रभागवार यादी मोठ्याने वाचा. एक तास जाईल. पण गेलेली माणसं, आलेल्या सुना, बाहेरगावी असलेली पोरं, सगळं तिथल्या तिथे निघतं. पोर्टलला जे कळत नाही ते शेजाऱ्याला माहीत असतं.

आशाताईंकडे आणि अंगणवाडी सेविकेकडे नव्या सुनांची माहिती असते. लग्नाच्या नोंदणीसोबत फॉर्म ८ ची आठवण करून दिली तरी निम्मं काम होतं. कॉलेजच्या पोरांनी आपापल्या गल्लीतल्या घरांची नावं पोर्टलवर तपासून दिली, तर उरलेलं निम्मं.

राजकीय पक्षांचे केंद्रस्तरीय प्रतिनिधी असतात. एरवी ते दिवसाला दहापर्यंत अर्ज बीएलओकडे देऊ शकतात. सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून यादी तपासली, तर कोणी कोणावर ढकलू शकत नाही.

आणि बीएलओला शिव्या देण्याआधी एक लक्षात घ्या. तो किंवा ती आपल्याच शाळेतले मास्तर, आपल्याच अंगणवाडीच्या ताई असतात. मूळ काम सांभाळून हे करतात. दारात आल्यावर पाणी द्या, कुटुंबातल्या सगळ्यांची नावं दाखवायला सांगा आणि कागदपत्रं हाताशी ठेवा.

आता काम सांगतो, आजच करण्यासारखं. मोबाइल घ्या, आयोगाच्या पोर्टलवर कार्डावरचा नंबर टाका, आणि आपलं नाव, केंद्र आणि यादीतला अनुक्रमांक बघा. मग घरातल्या प्रत्येकाचं बघा, नवीन सुनेचं आधी. कार्ड नसेल तर नाव, वय आणि जिल्हा टाकूनही सापडतं. जिल्हा वाशीम, विधानसभा रिसोड. नाव सापडलं नाही तर फॉर्म कोणता, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या भागात ग्रामसभेचे ठराव कसे लिहायचे आणि ते नंतर कुठे जातात, यावर बोलू. तुमचे प्रश्न पाठवत राहा. चला, भेटू पुन्हा.